गरोदरपणातील मधुमेह : एका सीमारेषेचा इतिहास

गरोदरपणातील मधुमेहाची पहिली तपशीलवार नोंद 1824 साली बर्लिनमध्ये झाली. हाइनरिख बेनेविट्झ यांनी वैद्यकीय पदवीसाठी लॅटिनमध्ये लिहिलेल्या प्रबंधात ती आहे. 22 वर्षांची, पाचव्यांदा गरोदर असलेली बाई. तहान काही केल्या भागेना, लघवीत साखर. मूल 12 पौंडांचे होते आणि ते जन्मतानाच दगावले. बाळंतपणानंतर बाईची साखर ओसरली, त्यामुळे बेनेविट्झ यांनी मधुमेह हे गरोदरपणाचेच लक्षण मानले.

पुढे शंभर वर्षे या दुखण्यावर इलाज नव्हता. 1922 मध्ये टोरांटोत इन्सुलिनचा उपचार सुरू झाला आणि मधुमेही आया वाचू लागल्या. मुले मात्र पोटात किंवा जन्मल्यावर दगावतच होती. त्यामागचे कारण कोपनहेगनच्या योर्गेन पेडरसन यांनी 1950 च्या दशकात मांडले. आईच्या रक्तातली जादा साखर वारेतून बाळापर्यंत पोचते, इन्सुलिन पोचत नाही. मग बाळाचे स्वादुपिंडच जास्त इन्सुलिन तयार करते, बाळ अवाजवी वाढते आणि नाळ कापल्यावर त्याची साखर झपाट्याने उतरते.

प्रश्न उरला तो साखर किती म्हणजे जास्त, हा. बॉस्टनमध्ये जॉन ओ'सलिव्हन आणि क्लेअर महान यांनी 752 गर्भवतींना 100 ग्रॅम ग्लुकोज पाजून तीन तासांत चार वेळा रक्त तपासले. 1964 मध्ये त्यांनी मर्यादा जाहीर केल्या : उपाशीपोटी 90, मग तासातासाने 165, 145 आणि 125 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. यांपैकी दोन ओलांडल्या की निदान पक्के. या मर्यादा बेतल्या होत्या त्या बाईला पुढे कायमचा मधुमेह होईल का, हे ओळखण्यासाठी. बाळाचा हिशेब त्यात नव्हता, तरीही बाळाच्या काळजीने अनेक देशांत हेच निकष, थोडेफार बदलून, अनेक दशके चालले.

बाळाचा हिशेब 2008 मध्ये मांडला गेला. नऊ देशांतल्या 23 हजारांहून अधिक गर्भवतींच्या ‘हापो’ अभ्यासात आईची साखर वाढेल तसतसे बाळाचे वजन वाढताना दिसले. धोका अमुक आकड्यापासून सुरू होतो, अशी जागा कुठे सापडली नाही. म्हणजे सीमारेषा आखावी लागते ती माणसांनाच. 2010 मध्ये तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने ती उपाशीपोटी 92, तासाने 180 आणि दोन तासांनी 153 वर आखली, 2013 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ती स्वीकारली.

भारतात अडचण वेगळी होती. दूरच्या गावाहून दवाखान्यात येणारी गर्भवती उपाशी येणार कशी, आणि दुसऱ्या दिवशी परत येईलच याचा भरवसा काय? चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर साधी पद्धत काढली : जेवण झालेले असो वा नसो, 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून द्यायचे आणि दोन तासांनी एकदाच रक्त घ्यायचे. 140 किंवा त्याहून जास्त आले तर मधुमेह. या पद्धतीच्या अचूकतेवर आक्षेप घेतले गेले आहेत, पण गर्दीच्या सरकारी दवाखान्यात चालेल अशी हीच होती. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांनीही तीच घेतली. पहिल्या भेटीत एक चाचणी आणि 24 ते 28 आठवड्यांदरम्यान दुसरी. मधुमेह आढळल्यास आधी दोन आठवडे आहारनियमन आणि चालणे. तरीही जेवणानंतर दोन तासांची साखर 120 च्या खाली येत नसेल तर औषध. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी 75 ग्रॅम ग्लुकोजची चाचणी आईने पुन्हा करून घ्यायची असते.