लहान पडदा आणि पूर्ण पान

'पंक्तिप्रपंच' हा शब्द आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. एकाच पंगतीत बसलेल्यांपैकी एकाच्या पानात तुपाची धार आणि शेजारच्याच्या पानात नुसते वरण पडले, म्हणजे जाणती माणसे म्हणतात, हा पंक्तिप्रपंच झाला. आजच्या विषयाकडे मी याच शब्दाच्या वाटेने येणार आहे. मोबाईलमधील ब्राउझरच्या यादीत 'डेस्कटॉप साइट' अशी दोन शब्दांची एक ओळ असते. तिच्यावर बोट ठेवले की संकेतस्थळाचे मोठे पान, म्हणजे मेजावरच्या संगणकासाठी आखलेले पान, हातातल्या छोट्या पडद्यावर उतरते. ही सोय किरकोळ वाटते खरी. पण ती का निर्माण झाली हे पाहू गेल्यास ज्ञानाच्या पंगतीचा एक छोटासा इतिहासच हाती लागतो.

आरंभ १९८९ सालापासून करू. जिनीव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली नावाचा एक इंग्रज तज्ज्ञ काम करीत होता. तेथे देशोदेशीचे शास्त्रज्ञ येत आणि प्रत्येकाचे यंत्र निराळ्या जातीचे असे. एकाचा कागद दुसऱ्याच्या यंत्रावर उघडेलच, याची खात्री नसे. यंत्र कोणतेही असो, पान एकच असावे, या गरजेतून त्याने जी योजना मांडली तिचेच पुढे 'वेब' झाले. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे तंत्र कोणतेही शुल्क न आकारता सर्व जगाला खुले केले. भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सुरू केले. म्हणजे मूळ संकल्प हा की, पंगत एक आणि वाढणेही एक.

पण संकल्प एक आणि सवय दुसरी. पाने आखणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर मेजावरचा रुंद पडदा होता. आडव्या ओळीत आठशे किंवा हजारभर ठिपके मावतात, हे गृहीत धरून डावीकडे यादी, मध्ये मजकूर, उजवीकडे जाहिरात अशी मांडणी रूढ झाली. तेवढ्यात मोबाईल आला. १९९९ साली बाजारात आलेला नोकिया ७११० हा 'वॅप' पद्धतीने माहिती दाखवणारा आरंभीचा मोबाईल. त्याचा पडदा ९६ ठिपके रुंद आणि ६५ ठिपके उंच होता. त्या काळी मोबाईलवरून माहिती वाहण्याचा वेगही सेकंदाला ९,६०० बिटांच्या आसपास, म्हणजे बैलगाडीचा. अशा पडद्यावर मोठे पान बसणार तरी कसे?

तेव्हा तज्ज्ञांनी मोबाईलसाठी निराळी भाषाच तयार केली. तिच्यात पानाऐवजी 'पत्ते' असत आणि अनेक पत्त्यांची मिळून एक गड्डी होई. एका पत्त्यावर चार ओळी वाचायच्या, मग पुढचा पत्ता उलटायचा. जपानमध्ये फेब्रुवारी १९९९ मध्ये सुरू झालेली 'आय-मोड' ही अशीच मोबाईलपुरती, पण निराळ्या घडणीची सेवा. ती तेथे लोकप्रिय झाली. यात कोणाचा दुष्ट हेतू होता असे नाही. साधनेच तोकडी होती. परंतु परिणाम असा झाला की, मोबाईलवाल्याचे पान मुख्य पंगतीतून उठून ओसरीवर मांडले गेले. त्याला मिळे ते मोजके, आणि काय मोजके द्यायचे ते वाढणारा ठरवी.

या अडचणीतून पहिली वाट काढली नॉर्वेच्या ऑपेरा कंपनीने. २००५ साली प्रथम आलेला 'ऑपेरा मिनी' हा ब्राउझर मोठे पान आधी कंपनीच्या संगणकावर मागवी, तेथे दाबून लहान करी आणि मग मोबाईलकडे धाडी. साध्या बटणांच्या फोनवर आपल्याकडेही अनेकांनी तो वापरला. दुसरी वाट ९ जानेवारी २००७ रोजी दिसली. त्या दिवशी सॅन फ्रान्सिस्को येथे स्टीव्ह जॉब्ज यांनी आयफोन सादर करताना न्यूयॉर्क टाइम्सचे संपूर्ण संकेतस्थळ त्याच्या पडद्यावर उघडून दाखवले. युक्ती अशी होती की, उभा धरला असता पडदा ३२० ठिपक्यांचा असूनही ब्राउझर पानाला भासवी की आपण ९८० ठिपके रुंद आहोत. सारे पान आखडून दिसे. मग हवा तो भाग बोटांनी मोठा करून वाचायचा. आपण जिल्ह्याचा नकाशा भिंगाखाली वाचतो ना, तसेच हे.

एवढे झाल्यावर वाद मिटायला हवा होता. तो मिटला नाही, आणि त्याचे कारण मोठे मौजेचे आहे. ब्राउझर जेव्हा एखादे पान मागतो, तेव्हा तो आधी आपली ओळख सांगतो: मी अमुक ब्राउझर, तमुक यंत्रावरून बोलतो आहे. ही ओळख बाहेर ऐकू येत नाही, पण प्रत्येक मागणीबरोबर ती जाते. दारावरचा माणूस जसा पाहुण्याच्या पागोट्यावरून त्याची बैठक ठरवी, तसे संकेतस्थळ या ओळखीवरून कोणते पान द्यायचे ते ठरवू लागले. ओळखीत 'मोबाईल' हा शब्द दिसला की पाहुण्याची रवानगी निराळ्या पत्त्यावर. इंग्रजी 'एम' अक्षराने सुरू होणारे हे छोटे पत्ते दोन हजार दहाच्या सुमारास सगळीकडे दिसत. फोन पूर्ण पान दाखवायला समर्थ, वाचणारा वाचायला तयार; पण दारावरच ठरे की, तुला एवढेच पुरे!

आता असं बघा, ओळख सांगण्याच्या या प्रकारात सोंग घेणे काही नवीन नव्हते. १९९४ साली नेटस्केपचा ब्राउझर आला, तो स्वतःला 'मोझिला' म्हणवी. संकेतस्थळे त्याला चांगले पान देत, म्हणून पुढे मायक्रोसॉफ्टच्या ब्राउझरनेही आपल्या ओळखीच्या आरंभी 'मोझिला' हाच शब्द घातला. ती चाल इतकी रुजली की, आजचे मोठे ब्राउझरही त्याच नावाने आरंभ करतात. 'डेस्कटॉप साइट' ही सोय याच परंपरेतली. बोट ठेवताच अँड्रॉइडवरील क्रोम आपल्या ओळखीतून 'अँड्रॉइड' आणि 'मोबाईल' हे शब्द गाळतो, आपण लिनक्सचा संगणक आहोत असे सांगतो आणि पानाला रुंद पडद्याचा भास करून देतो. क्रोममध्ये ही सोय २०१२ साली आली. आयफोनच्या सफारीत ती २०१४ साली आली. तिचे इंग्रजी नाव पाहिले तर त्यात 'विनंती' असा शब्द आहे. तो अगदी नेमका आहे. वाचणाऱ्याने मोठे पान मागायचे. द्यायचे की नाही, हे शेवटी देणाऱ्याच्या हाती.

याच सुमारास मूळ दुखण्यावर औषधही निघाले. मे २०१० मध्ये ईथन मार्कोट या अमेरिकन आखणीकाराने एक लेख लिहून सुचवले की, दोन पाने करूच नका. पान एकच लिहा आणि त्याला पडद्याच्या रुंदीप्रमाणे आपली घडी बदलू द्या. पाणी जसे घागरीत घागरीचे आणि तांब्यात तांब्याचे रूप घेते, तसे. ही पद्धत फार वेगाने पसरली. पुढे एप्रिल २०१५ मध्ये गुगलने मोबाईलवर नीट दिसणाऱ्या पानांना मोबाईलवरील शोधात झुकते माप द्यायला आरंभ केला. ऑक्टोबर २०१६ मध्ये स्टॅटकाउंटर या मोजणी करणाऱ्या संस्थेने नोंदवले की, जगातील ५१.३ टक्के पाने मोबाईल व टॅब्लेटवर पाहिली गेली. मेजावरचा संगणक प्रथमच मागे पडला. त्याच्या पुढच्याच महिन्यात गुगलने जाहीर केले की, यापुढे शोधासाठी मोबाईलवरचे पान हेच मुख्य पान मानले जाईल. एकेकाळी ओसरीवर बसवलेला पाहुणा असा माजघरात आला.

मग आता त्या दोन शब्दांच्या ओळीची गरज काय? माझ्या मते गरज आहे, आणि ती खेड्यापाड्यांत अधिक आहे. ज्या घरात संगणक कधी आलाच नाही, तेथे मोबाईल हेच पहिले आणि एकमेव यंत्र आहे. शहरातला माणूस म्हणेल, हे काम घरी जाऊन संगणकावर करीन. ज्याच्याकडे तो नाही त्याने काय करावे? जुन्या घडणीच्या संकेतस्थळावर एखादा रुंद तक्ता अर्धाच दिसतो, अर्जाचे शेवटचे बटण पडद्याबाहेर राहते, छापण्याची सोय मोबाईलच्या पानावर दिलेलीच नसते. अशा वेळी शिक्षकाने किंवा शेतकऱ्याने 'आपल्या फोनमध्ये हे होत नाही' असे म्हणून तालुक्याची एस.टी. धरण्यापूर्वी एकदा पूर्ण पान मागून पाहावे. क्रोममध्ये उजव्या कोपऱ्यात तीन ठिपके आहेत, ते दाबले की ही ओळ सापडते. मग फोन आडवा धरावा आणि दोन बोटांनी हवा तो भाग मोठा करावा.

पण या सोयीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. अक्षर बारीक होते, बोट भलत्याच ठिकाणी पडते आणि डेटाही अधिक खर्च होऊ शकतो. काही जुन्या पानांवरच्या याद्या माऊसचा बाण वर नेल्यावरच उघडतात. बोटाला त्या दाद देतीलच असे नाही. ओळख बदलल्याने कुलूपही उघडत नाही. परवलीचा शब्द लागतो तेथे तो लागतोच. काम झाले की खूण काढून टाकावी, हे बरे.

पाने तयार करणाऱ्यांना मात्र या इतिहासातून एक गोष्ट कळावी. वाचणाऱ्याला पूर्ण पानासाठी वेगळी विनंती करावी लागते, तेथे वाढण्यात काही चुकले आहे. कार्यालयाचे असो की शाळेचे, प्रत्येक पान प्रसिद्ध करण्यापूर्वी एखाद्या साध्या, स्वस्त मोबाईलवर उघडून पाहावे, आणि अर्ज शेवटपर्यंत भरून पाहावा. तो भरला जात नसेल, तर दोष लहान पडद्याच्या माथी मारू नये.