पोटॅशियम क्लोराईड : रक्तातले पोटॅशियम उतरल्यावर दिले जाणारे औषध

बेळगाव-निपाणी पट्ट्यातल्या शेतकऱ्याला पोटॅश नवे नाही. उसाला घालतात ते लाल पोटॅश, म्हणजे म्युरेट ऑफ पोटॅश, हे मुख्यतः पोटॅशियम क्लोराईडच. (तंबाखूला मात्र ते मानवत नाही, क्लोराईड वाढले की पान नीट जळत नाही.) डॉक्टर लिहून देतात त्या सिरपमधला क्षारही तोच, पण औषधासाठी शुद्ध केलेला. खताचे पोटॅश पोटात घेणे घातकच.

रक्तात पोटॅशियम साधारण ३.५ ते ५ असावे लागते. निपाणीचा पेशंट कधी बेळगावला दाखवतो, कधी कोल्हापूरला. एका रिपोर्टवर एकक मिलीइक्विव्हॅलंट छापलेले, दुसऱ्यावर मिलीमोल. गोंधळायचे कारण नाही, पोटॅशियमच्या बाबतीत दोन्हींचा आकडा एकच येतो. आकडा खाली गेला की अंगात गळाठा येतो, पायात गोळे येतात, पोट साफ होत नाही. २.५ च्या खाली हृदयाचे ठोके बिघडण्याचा धोका मोठा असतो. जुलाब-उलट्या आणि सूज किंवा बीपीसाठीच्या लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, उदाहरणार्थ फ्युरोसेमाइड, ही नेहमीची कारणे. मॅग्नेशियमही कमी असेल तर नुसत्या पोटॅशियमने आकडा लवकर चढत नाही.

नेहमीच्या सिरपच्या १५ मिलीत १.५ ग्रॅम क्षार, म्हणजे सुमारे २० मिलीइक्विव्हॅलंट पोटॅशियम असते. चव खारट, नकोशी. जेवणानंतर, पाण्यात मिसळूनच घ्यायचे. नाहीतर पोटात आग पडते. हळूहळू विरघळणारी गोळी चावायची किंवा कुटायची नाही. सलाईनमधून द्यायचे झाले तर संथ गतीनेच. थेट शिरेत सोडले तर हृदय बंद पडू शकते.

खरी भीती उरलेल्या बाटलीची. ‘पाय गळून गेलेत’ म्हणून घरातला दुसराच कुणी जुन्या चिठ्ठीवर सिरप घेतो. मूत्रपिंड अधू असेल किंवा स्पायरोनोलॅक्टोन, रामिप्रिल, टेल्मिसार्टन चालू असेल, तर पोटॅशियम शरीरातच साठते, आणि वाढलेले पोटॅशियमही तितकेच जीवघेणे. बीपीवाल्यांसाठी विकल्या जाणाऱ्या ‘लो सोडियम’ मिठातही बहुधा हाच क्षार असतो, हे कुणी सहसा सांगत नाही. बेळगावच्या डॉक्टरांची चिठ्ठी कोल्हापूरच्या डॉक्टरांना दाखवावी, तिकडची इकडे. सिरप सुरू असेपर्यंत ते सांगतील तेव्हा रक्त पुन्हा तपासून घ्यावे.