वेदना आणि स्पर्श : डॉ. पॉल ब्रँड यांचे कार्य

आमच्या वस्तीपलीकडे ओढ्याकाठी एक महारोगी राहत असे. गावाने आम्हांला वेशीबाहेर ठेवले होते आणि आम्ही त्याला वस्तीबाहेर. आई त्याला भाकरी पाठवी. पण ती वरून टाकायची, त्याच्या थाळीला हात लावायचा नाही, अशी ताकीदही देई. विहिरीवर आपल्या ओंजळीत वरून पाणी ओततात याचा तिला संताप होता. आपणही तेच करतो, हे मात्र तिच्या ध्यानात आले नाही. माझ्याही ते फार उशिरा आले, डॉ. पॉल ब्रँड यांचे आयुष्य वाचताना आले.

ब्रँड यांचा जन्म १९१४ साली तमिळ प्रदेशातील कोल्ली डोंगरात, इंग्रज मिशनरी दांपत्याच्या पोटी झाला. शिक्षणासाठी इंग्लंडला गेलेल्या या मुलाने आधी सुतारकाम आणि गवंडीकाम शिकून घेतले. वैद्यक नंतर आले. लंडनमध्ये शल्यविद्या शिकून ते १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात दाखल झाले.

१९४७ साली ते डॉ. रॉबर्ट कॉक्रेन यांच्याबरोबर चिंगलपेटचे कुष्ठालय पाहायला गेले. तेथे एका तरुणाच्या, बोटे आत वळलेल्या हातात त्यांनी आपला हात दिला आणि दाबायला सांगितले. त्याने असा जोर लावला की ब्रँड कळवळले. वाकड्या बोटांत एवढे बळ कुठून आले? पुढचे सारे संशोधन या एका प्रश्नातून निघाले. तो हात हातात घेतला नसता तर प्रश्नच पडला नसता.

तपासाअंती दिसले ते असे. कुष्ठरोग मज्जातंतूंवर घाव घालतो, आणि तोही कोपर, मनगट, घोटा अशा ठिकाणी, जेथे तंतू कातडीच्या जवळ असतो. त्यामुळे तळहातातले लहान स्नायू मरतात आणि बोटे वाकतात. पण कोपराखालचे मोठे स्नायू पुष्कळदा जिवंत राहतात. बोट मिटायला निसर्गाने दोन दोऱ्या दिल्या आहेत. त्यांतली एक सोडवून बोटाच्या पाठीकडे नेऊन जोडली, तर बोट पुन्हा सरळ होते. ही पद्धत हाताच्या शस्त्रक्रियेत आधीच होती. ब्रँड यांनी ती कुष्ठरोग्यासाठी वापरली. शस्त्रक्रियेनंतर अनेक आठवडे रुग्णाला नव्याने हात चालवायला शिकावे लागे.

मग बोटे झडतात कशाने? मांस आपोआप सडते, ते मागल्या जन्मीचे पाप असते, असे आम्हांला सांगितले गेले होते. ब्रँड यांनी पाहिले ते वेगळे. गंजलेल्या कुलुपात किल्ली फिरत नव्हती. एका मुलाने ती फिरवून दिली आणि त्याचे बोट हाडापर्यंत कापले गेले. त्याला पत्ताच नव्हता. रात्री उंदीर झोपलेल्यांची बोटे कुरतडत, म्हणून रुग्णांना मांजरे दिली गेली. बोटे जात होती ती मुख्यतः रोजच्या कामातल्या, न कळलेल्या जखमांनी. वेदना नव्हती म्हणून राखणही नव्हती.

शस्त्रक्रिया यशस्वी झालेले काही रुग्ण परत येऊन वेगळेच गाऱ्हाणे मांडू लागले. हात चांगला दिसतो म्हणून भीक मिळत नाही, आणि महारोगी होता म्हणून काम मिळत नाही! मला या कार्यातला हा सर्वांत मोलाचा धडा वाटतो. हात सुधारला तरी समाज तसाच होता. पुढे वेल्लोरला 'नवजीवन निलयम्' उभे राहिले. तेथे रुग्ण सुतारकाम शिकू लागले आणि शल्यविशारदाला आपली जुनी विद्या उपयोगी पडली. बधिर तळपायांच्या जखमा टाळण्यासाठी मऊ रबराच्या चपला बनवण्याचे कामही वेल्लोर आणि करिगिरीच्या रुग्णालयांतून वाढले. ज्या कारागिरीला आपल्याकडे विटाळ मानले, तिच्यावाचून या शास्त्राचे पाऊल पुढे पडले नाही.

ब्रँड यांना १९६० साली लास्कर पुरस्कार मिळाला. १९६६ साली ते अमेरिकेतील कारव्हिलच्या कुष्ठ रुग्णालयात गेले. तेथील संशोधन मधुमेहाने बधिर झालेल्या पायांनाही उपयोगी पडले. २००३ साली ते वारले. मुंबईत डॉ. नोशिर अंतिया यांनीही प्लॅस्टिक सर्जरी कुष्ठरोग्यांच्या दारी नेली.

ब्रँड यांची प्रेरणा ख्रिस्ती श्रद्धेची होती. आमची भूमिका करुणेची नाही, हक्काची आहे. कुष्ठरोग्यांना डांबण्याची मुभा देणारा १८९८ चा कायदा २०१६ साली रद्द झाला; औषध त्याच्या कितीतरी आधी आले होते. औषधाने रोग बरा होतो, पण कायदा आणि मन आपोआप बदलत नाही, हे आम्ही जातीच्या अनुभवावरून जाणतो.

दलित साहित्यात वेदनाच फार, असा आक्षेप अनेकदा घेतला जातो. ब्रँड यांचे उत्तर आपण घ्यावे : वेदना हे जिवंतपणाचे लक्षण आहे, रोग आहे तो बधिरपणा. समाजाला देह म्हणणाऱ्या पुरुषसूक्ताने शूद्राला पायाशी बसवले आणि आम्हांला त्या देहातही जागा दिली नाही. तेव्हा ती उपमा आम्ही नाकारतो. पण दुसऱ्याचे दुखणे न कळणे हा रोग आहे, हे मान्य केले पाहिजे. आणि तो आमच्या वस्तीतही होता, हेही. ओढ्याकाठच्या त्या माणसाचे नाव मी कधी विचारले नाही. आपल्या खालचा कोणी शोधायचा नाही, हा निश्चय केल्याखेरीज आपला विद्रोह पुरा होत नाही.