आजीचे माहेर कागदपत्रांत शोधताना

वसमत तालुक्यातील हट्टा गावात 1930च्या सुमारास जन्मलेल्या एखाद्या सामान्य शेतकरी स्त्रीचे पूर्वज शोधायचे, तर पहिली अडचण तिच्या नावाचीच येते. लग्नानंतर आडनाव बदलले, पुष्कळदा पाळण्यातले नावही बदलले. सासरच्या कागदांत ती ‘भ्र.’, म्हणजे भ्रतार, या अक्षरापुढे नवऱ्याच्या नावासह आढळते. माहेरच्या कागदांत ती बहुधा आढळतच नाही.

इंग्लंडमध्ये 1538 पासून प्रत्येक चर्चला बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंदवही ठेवणे बंधनकारक झाले. विवाहाच्या नोंदीत वधूचे माहेरचे आडनाव असल्याने तेथील मोलकरणीचेही घराणे काही पिढ्या मागे नेता येते. आपल्याकडे असा सलग धागा नाही. निरनिराळ्या दप्तरांतील तुकडे जोडावे लागतात.

हट्टा सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात, परभणी जिल्ह्यात होते. हिंगोली जिल्हा 1 मे 1999 रोजी वेगळा झाला. त्यामुळे जुने महसुली कागद बव्हंशी उर्दूत असून साल फसली असते. त्यात साधारणपणे 590 मिळविले की इसवी सन येतो. मराठवाड्यात सर्वाधिक वापरले जाते ते 1954-55चे खासरा पत्रक. पण ते जमिनीचे दप्तर. भाऊ नसलेली मुलगी वारस ठरली किंवा विधवेच्या नावे फेरफार झाला, तरच स्त्रीचे नाव तेथे उमटते.

याहून उपयोगी, तरी दुर्लक्षित कागद म्हणजे 1951चे राष्ट्रीय नागरिक रजिस्टर. जनगणनेच्या चिठ्ठ्यांवरून ते गावनिहाय तयार झाले. त्यात कुटुंबप्रमुखाशी नाते आणि वय यांसह घरातील सर्वांची नावे असल्याने सासू, सून, लेक एकाच पानावर भेटतात. जेथे ते टिकले आहे, तेथे शोध येथूनच सुरू करावा. शाळेच्या प्रवेश-निर्गम नोंदवहीत त्या काळच्या मुली थोड्याच. शिवाय 1 जून ही जन्मतारीख दिसली, तर ती गुरुजींनी अंदाजाने लिहिली असण्याचा संभव अधिक.

2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदींचा शोध सुरू केल्यावर या दप्तरांवरची धूळ झटकली गेली. 2 सप्टेंबर 2025च्या शासन निर्णयाने हैदराबाद गॅझेटियरही चर्चेत आले. मात्र त्यात समाजांचे आकडे आहेत, कुटुंबांची नावे नाहीत. जातीच्या दाखल्यासाठी वडिलांकडील नाते पाहिले जाते. परिणामी आजोबांच्या नोंदीसाठी तहसीलच्या चकरा मारणारे पुष्कळ. आजीच्या नोंदीची चौकशी क्वचितच होते.

सरकारी दप्तर संपते तेथे नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या हाती येतात. त्या आडनाव आणि मूळ गाव यांवरून लावलेल्या असतात. श्राद्धात आई, आजी, पणजी यांचा आणि आईच्या वडिलांचाही नामोच्चार होत असल्याने काही वह्यांत स्त्रियांची नावे उतरली आहेत. मात्र आजीची वही सासरच्या आडनावाखाली शोधून भागत नाही. वडिलांच्या मामांचे आडनाव आणि त्यांचे मूळ गाव घरातील वडीलधाऱ्यांकडून आधी विचारून घ्यावे. उपाध्याय पहिला प्रश्न तोच करतात.