मुखपृष्ठावरची मुलगी

दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांनी दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवर रंगविलेल्या लावण्यवतींनी मराठी वाचकांच्या एका पिढीला मोहविले. ती तरुणी पाहण्यासाठी होती. तरुणीलाच वाचक मानणारे ‘स्त्री’ मासिक मात्र शंकरराव किर्लोस्करांनी १९३० सालीच किर्लोस्करवाडीहून सुरू केले होते. पुढे त्याच्या संपादक झालेल्या विद्या बाळ यांनी १९८९ साली पुण्यात ‘मिळून साऱ्याजणी’ काढले. त्यात स्त्रिया आपले अनुभव आपल्याच शब्दांत मांडू लागल्या. तरीही मुलासाठी वधू शोधताना आपण प्रथम ‘गोरी, सडपातळ’ हेच लिहितो. देवाच्या प्रतिरूपात निर्माण झालेल्या कन्येची ओळख आपल्या धर्मग्रामातही मुखपृष्ठावरच संपावी काय?