फुलांचे भाडे नाही

साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, पाहायला जपानला जायचे तर खिसा केवढा हवा, असे मला अनेकजण विचारतात. मी त्यांना आधी थोडा इतिहास सांगतो.

'हानामी', अर्थात बहर पाहण्याचा सोहळा, मूळचा दरबारी. आठवे शोगुन तोकुगावा योशिमुने यांनी १७२० पासून एदोजवळच्या, म्हणजे आजच्या तोक्योतल्या, असुकायामा टेकडीवर चेरीची झाडे लावली आणि पुढे ती टेकडी रयतेला खुली केली. सामान्य माणसे शिदोरी घेऊन येऊ लागली. 'राकुगो' या कथाकथनातली 'नागाया नो हानामी' ही गोष्ट अशाच चाळकऱ्यांची. घरमालक त्यांना बहर पाहायला नेतो. पण मद्य म्हणून पातळ चहा आणि अंड्याच्या वड्या म्हणून मुळ्याचे लोणचे! हसू येते; पण भाडे थकलेला माणूसही बहराला जातोच, हेही त्यातून कळते.

१८७३ साली असुकायामा आणि उएनो ही सार्वजनिक उद्याने झाली. आजही तेथे प्रवेशशुल्क नाही. महाग असतो तो मुक्काम. तोक्यो-क्योतोत बहर साधारणतः मार्चअखेर ते एप्रिलच्या आरंभी येतो आणि खोल्यांचे दर चढतात. तेव्हा आरक्षण लवकर करावे. सात दिवसांचा रेल्वे पास ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० येनवरून ५०,००० येनवर गेला. एकाच शहरात राहणाऱ्याने तो घेऊ नये. दुकानातून भाताचे गोळे घ्यावेत, झाडाखाली चटई अंथरावी.

हिशेब करायचा तो विमानाचा आणि खोलीचा. फुलांचा खर्च तीनशे वर्षांपूर्वीच होऊन गेला आहे.