व्हीलचेअरवरून लाटांपर्यंत जाता येतं का? मरीना बीचचा लाकडी मार्ग काय सांगतो?

समुद्रकिनारी व्हीलचेअर, वॉकर आणि बाबागाडी एकाच ठिकाणी अडकतात: वाळू सुरू होते तिथे. मऊ वाळूत चाकं रुततात. मग घरातले बाकीचे पाण्यात पाय भिजवतात आणि एक जण लांबूनच समुद्र बघतो.

चेन्नईने काय केलं?
मरीना बीचवर रस्ता आणि पाणी यांच्यामध्ये वाळूचा रुंद पट्टा आहे. पूर्वी इथे जागतिक दिव्यांग दिनाच्या सुमारास तात्पुरता रॅम्प टाकला जायचा. कायमस्वरूपी सोय हवी, ही दिव्यांगांची मागणी होती. नोव्हेंबर 2022 मध्ये विवेकानंद हाऊससमोर 263 मीटर लांब आणि 3 मीटर रुंद लाकडी मार्ग खुला झाला. दोन्ही बाजूंना कठडे आहेत.

पुढे काय झालं?
दोन आठवड्यांतच मंदौस चक्रीवादळात समुद्राकडच्या टोकाचं नुकसान झालं. नंतर दुरुस्ती झाली. म्हणजे मार्ग बांधणं जितकं गरजेचं, तितकीच देखभालही.

मुंबईत काय स्थिती?
मरीन ड्राइव्हचा साधारण साडेतीन किलोमीटरचा फुटपाथ सपाट आणि रुंद आहे. समुद्राच्या कडेने फिरायला तो सोयीचा. पण गिरगाव चौपाटीला पुन्हा वाळू आहेच.

कायदा काय सांगतो?
दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 नुसार सार्वजनिक जागा सुगम्य असायला हव्यात.

निघण्याआधी काय विचाराल?
गाडी कुठे थांबते? पायऱ्यांशिवाय वर चढता येतं का? व्हीलचेअर आत जाईल असं स्वच्छतागृह आहे का? बसायला सावली आहे का?